नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर: थेरपीचा उपयोग होतो का, आणि ती अर्ध्यावर का सुटते?

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ३८ वर्षांचे, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्यापैकी वरच्या पदावर. चार महिन्यांपूर्वी पत्नी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन नाशिकला माहेरी गेली. जाताना ‘तू नार्सिसिस्ट आहेस, तुझ्याबरोबर माणूस जगूच शकत नाही’ असं म्हणाली. आधी तुम्ही चिडलात, मग नेटवर वाचत सुटलात. एक प्रश्नावली भरली, गुण बरेच आले. थोरली बहीणही ‘तिचं काही चुकलं नाही’ म्हणाली, तेव्हापासून तुमचं तिच्याशी बोलणं बंद आहे. एका समुपदेशक बाईंकडे दोनदा जाऊन आलात आणि ‘त्यांना माझ्याइतकंही माहीत नव्हतं’ म्हणून सोडून दिलंत. आता प्रश्न तीन: मला नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे आत्ममग्न व्यक्तिमत्त्वाचा विकार, आहे का, असेल तर तो बरा होतो का, आणि जायचं कुणाकडे?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, माणसं बदलतात. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून वीसहून अधिक वर्षं काम करते आहे आणि बदललेली माणसं पाहिली आहेत. त्यासाठी गोळी नाही, बोलण्याची थेरपी आहे, आणि ती वर्षांच्या हिशेबानं चालते. तिच्यातला सगळ्यात मोठा धोका अर्ध्यावर सुटण्याचा असतो. सोडण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं असतं आणि त्या वेळी प्रत्येकाला ते अगदी रास्त वाटतं. म्हणून समुपदेशक बाईंबद्दल तुम्ही लिहिलेलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न निदानाचा. रागात कुणी वापरलेला शब्द म्हणजे निदान नव्हे, आणि नेटवरची प्रश्नावलीही नव्हे. विधानांच्या जोड्या देऊन त्यातलं एक निवडायला सांगणारी जी प्रश्नावली सगळीकडे फिरते, तिचं मूळ रास्किन आणि हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली सुरू केलेल्या कामात आहे. सर्वसाधारण लोकांमध्ये हा स्वभावगुण कुणात किती असतो हे संशोधनासाठी मोजता यावं, एवढाच तिचा हेतू होता. तिच्यात भरपूर गुण मिळवणारी कित्येक माणसं नुसती आत्मविश्वासू असतात, आणि घरात सगळ्यांना हैराण करणाऱ्या, पण आतून खचलेल्या माणसाला तिच्यात कमी गुण मिळू शकतात.

निदानासाठी जगभर बरेच डॉक्टर अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनची डीएसएम ही पुस्तिका वापरतात. तिच्यात हा विकार पहिल्यांदा १९८० साली आला. सध्याच्या पाचव्या आवृत्तीत नऊ लक्षणं दिली आहेत आणि त्यातली किमान पाच असावी लागतात. स्वतःच्या मोठेपणाबद्दल अवाजवी कल्पना. अमर्याद यशाची, सत्तेची, बुद्धिमत्तेची किंवा आदर्श प्रेमाची दिवास्वप्नं. आपण खास आहोत आणि खास लोकांनाच आपण कळू शकतो अशी खात्री. कौतुकाची न संपणारी भूक. आपल्याला वेगळी वागणूक मिळालीच पाहिजे ही अपेक्षा, आपल्या कामासाठी दुसऱ्याचा वापर, दुसऱ्याला काय वाटतंय याची दखल न घेणं, मत्सर, आणि उर्मटपणा. यादी वाचून यातलं काहीतरी प्रत्येकालाच आपलं वाटतं. म्हणून तपासणारा माणूस इतर गोष्टीही पाहतो: हे तारुण्याच्या सुरुवातीपासून आहे का, घरी, ऑफिसात, मित्रांत सगळीकडे आहे का, आणि त्यामुळे माणसाचं आयुष्य खरोखर अडलं आहे का. फक्त बायकोशी असं वागणारा आणि बाकी सगळीकडे लोकांना समजून घेणारा माणूस असेल तर प्रश्न कदाचित वेगळाच निघतो.

अशा तपासणीत दुसऱ्याही शक्यता बघाव्या लागतात. बायपोलर विकारात मनाची अवस्था चढलेली असते तेव्हा माणूस असाच बोलतो. पण ते काही दिवस किंवा आठवडे टिकतं आणि उतरतं, आणि त्यावर औषध आहे. रोजची दारू माणसाला असं करते. आयुष्यभर सौम्य असलेला माणूस पन्नाशी-साठीत अचानक बेपर्वा आणि आत्मकेंद्री झाला तर मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार तपासायला आधी न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावं लागतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ वर्गीकरणात तर नार्सिसिस्टिक हे नावच राहिलेलं नाही. तिथे व्यक्तिमत्त्व विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवतात आणि मग त्या माणसाचे ठळक स्वभावविशेष नोंदवतात. त्यामुळे तुमच्या कागदावर हे नाव आलं नाही तरी उपचार अडत नाहीत. आलंच तर हेही लक्षात ठेवा की हे दुर्मीळ काही नाही: २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा विकार असलेल्यांचं प्रमाण ६.२ टक्के आलं होतं, पुरुषांत ७.७ आणि स्त्रियांत ४.८. इतर काही पाहण्यांत ते याहून खूपच कमी आलं आहे.

आता मुख्य विषयाकडे येते. लोकांना वाटतं, अशा माणसाचं स्वतःवर भलतंच प्रेम असतं. माझ्यासमोर बसलेल्या माणसांत मला ते फारसं दिसलेलं नाही. दिसते ती लाज; इतकी जुनी आणि इतकी झाकलेली की त्या माणसालाही ती लाज म्हणून ओळखू येत नाही. त्याला फक्त राग जाणवतो. त्याची स्वतःबद्दलची किंमत तळाला चीर गेलेल्या माठासारखी असते: सकाळी कौतुकानं भरला तरी संध्याकाळी रिकामा. म्हणून त्याला सतत कुणीतरी भरणारं लागतं, आणि जो भरत नाही तो शत्रू वाटतो. काही जणांत हे उघड मोठेपणाच्या रूपात दिसतं, काहींत अबोल, दुखावलेल्या, ‘मला कुणी ओळखलंच नाही’ अशा रूपात. एकाच माणसात दोन्ही रूपं आलटून पालटून येतात. प्रमोशन मिळालं त्या आठवड्यात एक, डावललं गेलं त्या आठवड्यात दुसरं.

हे कुठून येतं यावर मोठे वाद झाले आहेत. हाइन्झ कोहूट या मनोविश्लेषकाचं म्हणणं होतं की लहानपणी मुलाला जे कौतुक आणि जी समजून घेणारी नजर मिळायला हवी होती ती न मिळाल्यानं वाढ तिथेच अडकते. ऑटो कर्नबर्ग या दुसऱ्या मनोविश्लेषकानं मोठेपणाच्या या मुखवट्यामागचा राग आणि मत्सर जास्त महत्त्वाचा मानला. प्रत्यक्ष खुर्चीवर बसल्यावर मला दोघांचंही पटतं, माणसागणिक आणि कधी कधी एकाच माणसाबाबत दिवसागणिक. नेदरलँड्समध्ये सात ते अकरा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा काही काळ पाठपुरावा करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘आपलं मूल इतर मुलांपेक्षा वरचढ आहे’ असं मानणाऱ्या आईवडिलांच्या मुलांत पुढे नार्सिसिस्टिक गुण वाढलेले दिसले. ज्यांना घरातून ऊब मिळत होती त्यांच्यात मात्र निरोगी स्वाभिमान वाढला. आपल्याकडच्या ‘पहिला नंबर आला का?’ या प्रश्नावर वाढलेल्या पिढीबद्दल मला हे फार जवळचं वाटतं. पहिला नंबर आला की घर उजळायचं, दुसरा आला की जेवणाच्या ताटावर कुणी बोलायचं नाही. मूल त्यातून एवढंच शिकतं की मी जसा आहे तसा चालत नाही, वरचढ असेन तरच चालतो. अर्थात सगळा दोष आईवडिलांवर टाकू नका. उपजत स्वभावाचाही वाटा असतो, आणि एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांपैकी एकातच हे येतं.

थेरपीत नेमकं काय होतं हे एका प्रसंगावरून सांगते. माणूस ओळखू येणार नाही इतके तपशील बदलले आहेत. एक गृहस्थ सासुरवाडीला गेले होते. चारचौघांत ते कुठल्याशा गावाचा रस्ता सांगत होते आणि पत्नी सहज म्हणाली, ‘अहो, तो रस्ता तसा नाही जात.’ ते पुढे तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले ते तिच्या माहेरच्यांचा पाणउतारा करायला. माझ्याकडे आल्यावर त्यांचं म्हणणं, ‘तिनं मुद्दाम माझं नाक कापलं.’ आम्ही त्या एका वाक्यावर बरेच आठवडे काम केलं. राग आला त्याच्या अगदी आधीच्या क्षणी काय झालं? आधी आठवेना. मग आठवलं: कान गरम झाले, आणि वाटलं, ‘सगळ्यांना कळलं, याला काही येत नाही.’ हे वाक्य कुणाचं? पत्नी असं काहीच बोलली नव्हती. पुढे हळूहळू आठवीतला एक प्रसंग आला, पाहुण्यांसमोर वडिलांनी गणित घातलेलं आणि ते चुकलेलं. त्या दिवशी ते माझ्याकडे बघू शकत नव्हते. सत्र संपायच्या आत म्हणाले, ‘याचा काही उपयोग नाही.’ आणि पुढच्या दोन वेळा आले नाहीत.

त्यांनी दांडी मारली ती थेरपीचं काम पुढे सरकत होतं म्हणूनच. आतापर्यंत रागानं झाकलेली लाज उघडी पडली, आणि जिच्यासमोर ती उघडी पडली त्या बाईसमोर परत जाऊन बसणं त्यांना असह्य झालं. अशा वेळी मन एक सोपी वाट काढतं: समोरच्याला लहान करायचं. थेरपिस्टला काही कळत नाही, ती फार तरुण आहे, तिचं इंग्रजी कच्चं आहे, क्लिनिक कुठल्या तरी गल्लीत आहे, फी जास्त घेते, फी इतकी कमी का घेते. सुरुवातीला मात्र याच्या उलट झालेलं असतं. पहिल्या दोन-तीन भेटींत ‘तुमच्यासारखं आजवर कुणी समजून घेतलं नव्हतं’ असं ऐकायला मिळतं. मग एक दिवस थेरपिस्ट दहा मिनिटं उशिरा येते, मुलीचं नाव चुकीचं घेते, गणपतीत आठवडाभर सुट्टी घेते, किंवा तुम्हाला नको असलेली एक गोष्ट बोलून दाखवते. आणि खालच्या पायरीवर तुमच्याऐवजी आता ती असते.

तुमचं लग्न, बहिणीशी असलेलं नातं, कदाचित आधीच्या नोकऱ्याही याच पद्धतीनं बिघडल्या असणार. फरक इतकाच की थेरपिस्टला याची अपेक्षा असते आणि ती या नात्यातून निघून जात नाही, भांडत नाही, शरणही जात नाही. म्हणून ज्या दिवशी सोडावंसं वाटेल तो दिवस सगळ्या उपचारातला सर्वांत मोलाचा दिवस मानून तिथे जायचं आणि बोलायचं. ‘मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं. तेव्हापासून तुम्ही मला बिनकामाच्या वाटताय.’ एवढी दोन वाक्यं. माझ्या समोर बसून हे बोलणारा माणूस घामाघूम होतो, पण मी त्यामुळे दुखावून उठून जात नाही हे त्याला दिसतं. आजवर दुखावल्यावर त्याच्याकडे दोनच मार्ग होते, चढायचं किंवा तोडायचं. हा तिसरा.

मी स्वतः सुरुवातीलाच करार करून घेते. थांबायचं ठरवलंत तरी मेसेज करून थांबायचं नाही. निर्णय सांगितल्यानंतर आणखी दोन वेळा यायचं आणि त्या दोन वेळांत फक्त थांबण्याबद्दलच बोलायचं. तुम्हीही असा करार मागून घ्या. आणि त्या समुपदेशक बाईंकडे एकदा परत जा. त्या खरोखरच या कामासाठी पुरेशा प्रशिक्षित नसतील, तीही शक्यता आहे. तुम्ही का थांबलात ते त्यांना नीट सांगा, उपमर्द न करता. त्या शांतपणे ऐकून घेतात की बचाव करू लागतात यावरून तुम्हाला त्यांच्याबद्दल पुस्तकी ज्ञानापेक्षा जास्त कळेल. व्यक्तिमत्त्व विकारांवर काम केलं नसेल तर त्यांनाच विचारा, कुणाकडे पाठवाल? प्रामाणिक समुपदेशक याचं उत्तर मोकळेपणानं देतात.

पद्धतींबद्दल तुम्ही बरंच वाचलं असेल. स्कीमा थेरपी, कर्नबर्ग यांच्या विचारातून आलेली ट्रान्सफरन्स-फोकस्ड थेरपी, मेंटलायझेशनवर आधारलेली थेरपी, ही बोलण्याच्या थेरपीच्याच प्रकारांची नावं तुम्हाला सापडतील. त्यांची मोठी तपासणी प्रामुख्यानं बॉर्डरलाइन विकारावर, म्हणजे भावना आणि नाती फार अस्थिर असणाऱ्या दुसऱ्या एका व्यक्तिमत्त्व विकारावर, झाली आहे. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात वेगवेगळे व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या ३२३ लोकांवर स्कीमा थेरपी आणि नेहमीचे उपचार यांची तुलना झाली, २०१४ साली ती प्रसिद्ध झाली, आणि स्कीमा थेरपीचा निकाल चांगला आला. पण त्यात नार्सिसिस्टिक विकाराची माणसं थोडीच होती. फक्त या विकारासाठी म्हणून अमुकच पद्धत श्रेष्ठ ठरली आहे असं कुणी सांगत असेल तर सावध राहा. अलीकडे अमेरिकेत आठ रुग्णांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला. अडीच ते पाच वर्षांच्या थेरपीनंतर त्यांना या विकाराचे निकष लागू होत नव्हते. आठ हा आकडा लहान आहे, पण आम्हा रोज हे काम करणाऱ्यांना जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. माझं मत विचाराल तर पद्धतीच्या नावापेक्षा तिघा-चौघा अशा लोकांबरोबर वर्ष-दोन वर्षं टिकून काम केलेला थेरपिस्ट शोधा.

नुसती वाहवा करणारा थेरपिस्ट तुम्हाला पहिल्याच दिवशी आवडेल. त्याच्याकडे वर्षभर जाल आणि बायकोविरुद्ध एक साक्षीदार मिळवून परत याल. तुमची चूक दाखवून देण्याची घाई असलेला थेरपिस्टही उपयोगाचा नाही. त्याच्याकडून तुम्ही महिन्याभरात पळाल. जो तुमची बाजू समजून घेतो आणि त्याच बैठकीत ‘तेव्हा तिला काय वाटलं असेल?’ असंही विचारतो, तो धरून ठेवा.

आता प्रत्यक्ष कुणाकडे जायचं? पहिली भेट मनोविकारतज्ज्ञाची असू दे, म्हणजे मानसोपचारातली एमडी, डीएनबी किंवा डीपीएम पदवी-पदविका असलेले डॉक्टर. नैराश्य, झोप, दारू, बायपोलर, हे सगळं ते तपासतील. या विकारासाठी मान्यताप्राप्त औषध कुठलंच नाही. पण सोबत नैराश्य असेल तर औषधानं उपयोग होतो आणि ते घेण्यात कमीपणा नाही. नियमित थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. आपल्याकडे त्यासाठी आतापर्यंत दोन वर्षांचा एम.फिल. हा मुख्य मार्ग राहिला आहे आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. काही आठवड्यांचा कोर्स करून समुपदेशक म्हणवणारे पुष्कळ आहेत. त्यातले काही मायेचे आणि शहाणे असतातही, पण हे काम त्यांच्या आवाक्यातलं नाही. तुम्ही विचारायचे प्रश्न साधे आहेत: व्यक्तिमत्त्व विकार असलेल्यांबरोबर किती काळ काम केलंत, तुमच्या केसेस तुम्ही कुणा ज्येष्ठाशी चर्चा करून तपासता का, मी मधेच सोडायला निघालो तर तुम्ही काय कराल?

पुण्या-मुंबईत खासगी थेरपीच्या एका तासाला साधारण हजार ते तीन हजार रुपये पडतात आणि आठवड्यातून एकदा तरी जावं लागतं. तुम्हाला ते जमेल. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी सांगते: सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात कुणीही जाऊ शकतं. तिथे निदान चांगलं होतं. गर्दीमुळे दर आठवड्याला तासभर मिळणं मात्र अवघड जातं. अनेक खासगी थेरपिस्ट काही जागा कमी फीवर ठेवतात. विचारल्याशिवाय ते कळत नाही.

भाषेचा मुद्दा लहान वाटेल, पण आग्रहानं सांगते. तुम्ही ऑफिसात दिवसभर इंग्रजीत बोलता, वाचलं तेही इंग्रजीतच. थेरपी मराठीत करा. इंग्रजीत तुम्ही स्वतःबद्दल फार सफाईनं बोलाल, एखाद्या प्रोजेक्टचा अहवाल द्यावा तसं. लहानपणी वडील तुम्हाला जे बोलले असतील ते मराठीत बोलले असतील, आणि ते जसंच्या तसं तोंडातून बाहेर पडलं तरच त्यातली कळ कळते.

तुमच्या लिहिण्यात एक काळजी अर्धवट सांगितलेली आहे: उद्या पत्नी कोर्टात गेली तर हे सगळं माझ्याविरुद्ध वापरलं जाईल का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार तुमच्या मानसिक आरोग्याची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. या गोपनीयतेला अपवाद आहेत, मुख्यतः कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तेव्हाचे आणि न्यायालयाच्या आदेशाचे. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये असंही म्हटलं आहे की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस वेडसर ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हा घटस्फोटाचा एक आधार आहे, परंतु नुसतं आजाराचं नाव त्याला पुरत नाही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात हेच सांगितलं: आजाराचं लेबल पुरेसं नाही, सोबत राहणं अशक्य व्हावं इतकी त्याची तीव्रता सिद्ध व्हावी लागते. पुढचं वकिलाला विचारा. या भीतीपायी उपचार लांबवू नका, एवढंच माझं म्हणणं.

पत्नीबद्दल काही गोष्टी स्पष्ट सांगते. थेरपी सुरू केली म्हणून तिनं परत यावं अशी अट मनातसुद्धा ठेवू नका. ‘बघ, मी जातोय आता’ असे मेसेज, फीच्या पावतीचे फोटो, हे तिला नव्यानं दडपण आणणं आहे. थेरपीत शिकलेले शब्द तिच्यावर फेकू नका; तिचं लहानपण, तिचे दोष, तिचं निदान हा तुमचा विषय नाही. दोघांनी मिळून समुपदेशनाला जाण्याची घाईही करू नका, विशेषतः घरात हात उगारला गेला असेल, वस्तू फेकल्या गेल्या असतील किंवा ती तुम्हाला घाबरत असेल तर. भीती असताना एकत्र बसवलं की ती खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी त्याची किंमत तिला मोजावी लागते. ती परत आली नाही तरी तुम्हाला थेरपी चालू ठेवायची आहे. मुलीला तर वडील हवेच आहेत. तिला भेटाल तेव्हा आईची चौकशी तिच्याकडून काढू नका. तिनं काढलेलं चित्र बघताना ते छान आहे की नाही हे सांगायच्या आधी त्यात काय आहे ते तिलाच सांगू द्या.

अशा माणसाबरोबर राहणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: समोरचा थेरपीला जाईल, मग बदलेल, या आशेवर स्वतःची सुरक्षितता टांगून ठेवू नका. मारहाण, पैशांची कोंडी, सततचा अपमान, हे सगळं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात येतं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२. त्याचं निदान काय निघतं यावर तुमचा निर्णय अवलंबून असायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट मला गंभीरपणे सांगायची आहे. या स्वभावाच्या माणसांत आत्महत्येचा धोका असतो, आणि तो नेहमी आधी दिसत नाही. आठवडेच्या आठवडे उदास असलेला माणूस घरच्यांच्या लक्षात येतो. इथे माणूस कालपर्यंत ऐटीत असतो आणि आज नोकरी गेली, कोर्टाची नोटीस आली, चारचौघांत मान खाली घालावी लागली की काही तासांत टोकाला जातो. त्यामागे बहुतेक वेळा ‘हे तोंड आता कुणाला दाखवू?’ ही एकच भावना असते. तुमच्या बाबतीत असा दिवस येऊ शकतो हे गृहीत धरून तयारी आत्ताच करा. त्या रात्री कुणाला फोन करणार त्या एका माणसाचं नाव ठरवा, त्याला तसं सांगून ठेवा, घरात दारू ठेवू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही उपलब्ध आहे. थेरपिस्टलाही पहिल्याच काही भेटींत हे विचार येतात की नाही ते खरं सांगा, कितीही लाजिरवाणं वाटलं तरी.

बदल कसा दिसतो हेही ऐकून ठेवा, कारण तो तुम्हाला क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. पहिल्या सहा महिन्यांत फार तर एवढं होतं की टीका ऐकली आणि राग उसळला यांच्यामध्ये थोडी जागा तयार होते, चार श्वासांएवढी. मग कधीतरी माफी मागताना ‘पण’ येत नाही. ऑफिसच्या वार्षिक मूल्यमापनात ‘अपेक्षेप्रमाणे’ असा साधा शेरा येतो आणि त्या रात्री झोप लागते. कुणी आपल्यापेक्षा हुशार असलेलं सोसवतं, नंतर नंतर त्याच्याकडून शिकावंसंही वाटतं. मधे एक काळ असाही येतो की मोठेपणा ओसरतो आणि त्याच्या जागी काहीच नसतं. माणूस उदास होतो, आपण कुणाकुणाला काय केलं ते आठवू लागतं. याला थेरपी बिघडली असं समजून बरेच जण तिथून परत फिरतात. तिथे आठवड्यातून दोनदा भेटता आलं तर भेटा.

पहिल्या भेटीला जाताना तुम्ही वाचलेली माहिती नेऊ नका. तीन प्रसंग लिहून न्या, ज्यांत तुम्ही फार चिडलात, आणि प्रत्येकात आधी कोण काय बोललं होतं ते शब्दशः लिहा. तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकणं तपासणाऱ्याला आवश्यक असतं. पत्नीला यासाठी विचारू नका, बहिणीला विचारा. इतक्या महिन्यांनंतर फोन करणं जड जाईल, तरी करा. ती आली तर डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा, आणि ती काय बोलली हे नंतर तिला विचारू नका.